टेस्टर लावलं काय?

लोकांच्या शर्टाच्या खिशात पेन असतो, काकांच्या खिशात टेस्टर असायचं. पिवळ्या मुठीचं, आत बारीक लाल दिवा असलेलं. कोणी काही ठासून सांगायला लागलं की त्यांचा हात खिशाकडे जायचा. टेस्टर बाहेर यायचं, त्याचं टोक बोलणाऱ्याच्या दिशेने वळायचं आणि प्रश्न यायचा, "टेस्टर लावलं काय?"

ते वीज मंडळातून निवृत्त झालेले लाइनमन. आमच्या खामगावच्या कॉलनीत सगळे त्यांना टेस्टर काका म्हणायचे. खरं नाव मी सांगत नाही. ते दारावरच्या पाटीवर होतं आणि पाटी कोणी वाचत नसे.

"तार मेली हाय, असं खालून चार जन सांगतेत," ते म्हणायचे. "वर चढते एकटा. मंग त्यानं कोणावर भरोसा ठेवायचा?"

निवृत्तीनंतर खांबांवर चढणं बंद झालं, तेव्हा ते कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चढले. असा एक जण तुमच्याही ग्रुपवर असेल. नसेल तर तुम्ही आजपर्यंत किती कोमट पाणी विनाकारण प्यायलात याचा हिशेब करा.

ग्रुपवर मी चुकून आले. बाबांना रोज सकाळी फुलांचे फोटो नको होते, म्हणून त्यांनी स्वतःचा म्हणून माझा नंबर दिला. मी एका शाळेची प्रयोगशाळा सांभाळते. शिकले इंग्रजी शाळेत. मराठी वाचते नीट, पण चारचौघांत मराठी लिहायची म्हटलं की दुसऱ्याच्या घरात चप्पल घालून शिरल्यासारखं वाटायचं. इंग्रजीत लिहावं तर शिंगं फुटल्यासारखं. त्यामुळे मी नुसती वाचायची. कधी एखादं वाक्य लिहायची, पाहायची आणि खोडून टाकायची.

ग्रुपचे ॲडमिन एक निवृत्त सर होते. ते रोज सुविचार टाकत आणि कुठलाही वाद रंगात आला की "विषय संपला" असं लिहीत. त्यानंतर विषय खऱ्या अर्थाने सुरू व्हायचा.

एकदा कोणीतरी टाकलं की आज रात्री अवकाशातून घातक किरण जाणार आहेत, फोन बंद करून दूर ठेवा. सकाळी काकांचा मेसेज: "फोन उशाखाली घेऊन झोपलो. किरण आले असतील तर मले उठवलं नाही. चहा घेऊन राह्यलो."

पंखा एकवर ठेवला तर बिल कमी येतं का, यावर दोन दिवस भांडण झालं. एक काकू तर माहेरचं बिल घेऊन आल्या. काका खुर्ची टाकून मीटरसमोर बसले. मग निकाल दिला: "जुना डब्बा रेग्युलेटर असंल तर नाही. नवा असंल तर हाव. भांडण बंद करा, तेवढ्यात चार्जिंग गेली."

मांजर कशीही टाकली तरी पायांवरच पडते, असं सरांनी लिहिलं. काकांनी पलंगाजवळ गादी अंथरली. पुढचा मेसेज दवाखान्यातून आला. "मांजर पायावरच पडली. सरांचं बरोबर हाय. मले इंजेक्शन घ्या लागलं."

पण त्यांची खरी कीर्ती झाली ती वडनेर भोलजीच्या मयतामुळे. आमच्या कॉलनीत पूर्वी राहणारे एक क्लार्क निवृत्तीनंतर तिकडे, आपल्या गावी गेले होते. ते वारल्याचं ग्रुपवर आलं. तासाभरात हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. सरांनी तर लेखच लिहिला. त्यात क्लार्कसाहेब अजातशत्रू होते, शिस्तप्रिय होते आणि कॉलनीचा आधारवड होते. काकांनी काही लिहिलं नाही. त्यांनी स्कूटर काढली.

दुपारी फोटो आला. क्लार्कसाहेब ताटावर बसलेले, हातात भाकरीचा तुकडा, चेहऱ्यावर वैताग. फोटोच्या कोपऱ्यात नेहमीप्रमाणे काकांचा अंगठा. खाली लिहिलं होतं: "मयत जेवून राह्यलं."

वारले होते ते त्याच नावाचे दुसरे कोणी. क्लार्कसाहेबांना तो लेख मात्र फार आवडला. त्यांनी सरांना फोन करून त्याची प्रत मागून घेतली, आणि ग्रुपवर जागाही.

तेव्हापासून ग्रुपचा नियम ठरला: कोणीतरी जाऊन डोळ्यांनी पाहून आल्याशिवाय श्रद्धांजली नाही. आमच्या कॉलनीत माणसाला मरायलासुद्धा साक्षीदार लागतो.

मी काकांशी कधी बोलले नव्हते. एकदा शाळेत जाताना त्यांनी स्कूटर माझ्याशेजारी थांबवली.

"काऊन वो पोरी, काल काय लिहून राह्यली होती?"

"मी? काही नाही, काका."

"तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. मले दिसते ना." त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. माझा नंबर 'पोल १४ पोरगी' या नावाने होता. सगळी कॉलनी त्यांनी खांबांच्या नंबरावर साठवली होती. सर 'पोल ६ विषय संपला' होते. "इथं वर टायपिंग येते. मी वाट पाहत बसतो, आता येईन, मंग येईन. येतच नाही काही."

इतक्या वर्षांत मी गप्प आहे हे सगळ्यांनी पाहिलं होतं. मी बोलायला जाते आणि थांबते, हे पाहणारा हा पहिलाच माणूस.

"बरोबर नसेल म्हणून खोडते," मी म्हटलं.

"बरोबर होतं काय?"

"हो."

"मंग कायले खोडते? फ्यूज उडत नाही त्यानं." आणि स्कूटर गेली.

त्यानंतर मी टायपिंगसुद्धा बंद केलं.

मग त्यांच्याकडे पाण्याचं मशीन आलं. ऑनलाइन मागवलेलं, पेनासारखं. पाण्यात बुडवलं की क्षार किती ते आकड्यात सांगतं. काका घरोघर फिरले. कॉलनीच्या बोअरचं पाणी नऊशेच्या आसपास. आमच्या भागाला ते नवीन नाही, साबणसुद्धा फेस द्यायला नाही म्हणतो. म्हणून प्यायला सगळ्यांकडे जार. जार आणायच्या संगीता वहिनी. कॉलनीच्या टोकाला त्यांचा छोटा प्लांट होता आणि तीनचाकी टेम्पो त्या स्वतः चालवायच्या.

एका सकाळी काकांचा फोटो आला. काचेचा ग्लास, त्यात मशीन, मशीनवर दोन हजार चाळीस, कोपऱ्यात अंगठा. "हे जारचं पाणी हाय. बोअरचंच भरून राह्यले वाटते."

दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, टेस्टर लावलं काय? इथे तर टेस्टरच बोलत होतं. दुपारपर्यंत अर्ध्या कॉलनीने जार बंद केले. कोणाच्या पोटात आठवडाभरापूर्वी दुखलं होतं, तेही आता जारमुळे ठरलं. सरांनी "पाणी आणि नीती" यावर सुविचार टाकला.

संगीता वहिनी ग्रुपवर नव्हत्या. तिथे त्यांच्यावर खटला चालू होता आणि त्यांना तारीखही कळवलेली नव्हती. चौथ्या दिवशी त्यांचा टेम्पो आमच्या फाटकाशी थांबला. मागे सगळे जार भरलेले, तसेच परत चाललेले.

"ताई, तुमचा बी बंद काय?"

आई आतून म्हणाली, "थोडे दिवस राहू दे, संगीता."

"माहं काय चुकलं ते तरी सांगा," वहिनी म्हणाल्या. "असंच चाललं तर टेम्पो इका लागीन मले." आई कपडे वाळत घालायला मागे गेली. वहिनींनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. मी फाटकाची कडी पाहत राहिले.

त्यांचं काय चुकलं ते मला माहीत होतं: काहीच नाही. मी तो फोटो पहिल्याच दिवशी मोठा करून पाहिला होता. बोअरचं पाणी नऊशे. जारमध्ये तेच भरलं असतं तर नऊशे दिसले असते. दोन हजार कुठून आले? आणि ग्लासाच्या तळाशी पांढरे कण होते. शाळेतल्या सातवीच्या मुलांनाही मी बजावते, आधी भांडं विसळा. हे सगळं मी चार दिवस मनात घेऊन बसले होते, दोनदा कागदावर लिहून खोडलंही होतं. टेम्पो वळल्यावर मी आमच्या जुन्या जारमधलं पाणी बाटलीत भरलं आणि पोल अकराला, काकांच्या घरी गेले.

काका ओट्यावरच होते. "तू? बोलाले आली?"

"मशीन पाहिजे, काका. आमच्या घरचं पाणी मोजायचं आहे. तुमच्यासारखाच, त्याच दिवशीचा जार."

धुतलेल्या कपात मोजलं. बासष्ट. काकांनी मशीन झटकलं, पुन्हा बुडवलं. बासष्ट.

"तुमचा ग्लास कुठाय?"

ग्लास आत कपाटावर ठेवला होता. वर बशी झाकलेली आणि चिकटपट्टीने कागद लावलेला: "पुरावा". काकांनी तो दोन्ही हातांनी जपून आणला. तेवढ्यात काकू बाहेर आल्या आणि त्यांनी ग्लास पाहिला.

"आवो! हा इथं हाय काय? चार दिवसांपासून ढुंढून राह्यली मी! माहा गुळण्याचा गिलास होय तो!"

"कायचा?"

"मिठाच्या गुळण्याचा! बेसिनवर ठेवला होता. वाटीनं गुळण्या करून राह्यली मी तवापासून, अन् तुम्ही त्याले कपाटावर बसवला!"

काकांनी ग्लास ओट्यावर ठेवला. मग खिशातलं टेस्टर काढून त्यांनी उगाच त्याची टोपी घट्ट केली.

"तुम्ही ग्रुपवर सांगा, काका," मी म्हटलं.

"चूक मी केली. पकडली तुनं. तू लिही."

"मला नाही जमणार."

"मी लिहिलं तर लोक म्हनतीन, म्हाताऱ्याले दया आली. तू लिही. मी इथंच बसतो."

ते माझ्यापासून हातभर अंतरावर बसले, चष्मा चढवला आणि माझ्याकडे न पाहता स्वतःच्या फोनकडे पाहू लागले.

"हां, लिहून राह्यली... लिहून राह्यली... थांबली."

"काका, मी समोरच आहे."

"तू लिही. मी ग्रुप पाहून राह्यलो. थांबली... खोडू नको बे!"

काकू दारातून म्हणाल्या, "लिही वो बाई एकदाचं. दिवसभर तुह्या टायपिंगकडे पाहत बसते हा माणूस. चहा थंडा होते."

मी लिहिलं: "काकांच्या ग्लासात आधीच मीठ होतं. जारचं पाणी चांगलं आहे. बासष्ट." डोळे मिटून पाठवलं. लगेच सरांचा प्रश्न आला, शुद्ध मराठीत: "टेस्टर लावले होते काय?"

काका आता फोन सोडून माझ्याकडे पाहत होते. मी लिहिलं, "हो. मी स्वतः."

मग त्यांनी एका बोटाने बराच वेळ काहीतरी टिपलं. ग्रुपवर आलं: "पोरगी बरोबर. मी गाढव. ग्लास बायकोचा."

दुसऱ्या दिवशी ते संगीता वहिनींच्या टेम्पोत शेजारी बसून कॉलनीभर फिरले. प्रत्येक फाटकाशी उतरायचे, जारमधलं पाणी कपात घ्यायचे आणि लोकांसमोर प्यायचे. वहिनी त्यांना सोडत नव्हत्या.

"काका, मीठ आणलं काय सोबत?"

"बोल बोल. तुहा दिवस हाय."

बाविसाव्या घरानंतर त्यांना आमच्याकडे बाथरूमला थांबावं लागलं. संध्याकाळी त्यांनी सरांना सांगून वहिनींना ग्रुपवर घेतलं. "आता कोणाले काही बोलायचं असंल तर हिच्यासमोर बोला," असं लिहून.

मी पुढे लिहू लागले. फार नाही. पण मी पाठवलं की काकांचा वर केलेला अंगठा सगळ्यांच्या आधी यायचा. मेसेज वाचून व्हायच्याही आधी. ते तयारीतच बसलेले असायचे.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी मी शाळेला निघत होते, तेव्हा सरांचा मेसेज आला. काका गेले. लेख नव्हता, सुविचार नव्हता, दोनच शब्द. कोणी हात जोडले नाहीत. पहिला प्रश्न संगीता वहिनींचा आला, त्या टेम्पो घेऊन लांब कुठेतरी होत्या: "टेस्टर लावलं काय?" मग पोल नऊ, पोल तीन, वडनेर भोलजीहून क्लार्कसाहेब. सगळ्यांचा तोच प्रश्न. थट्टा कोणी करत नव्हतं. प्रत्येकाला 'नाही' ऐकायचं होतं.

मी पोल अकराला गेले. सकाळचा चहा घेऊन ते खुर्चीत बसले होते, ते उठलेच नव्हते. डॉक्टर येऊन गेले होते. आता त्यांना खाली चटईवर ठेवलं होतं. अंगात नेहमीचा शर्ट, खिशात पिवळी मूठ. मी नीट पाहिलं. कोणीतरी पाहायलाच हवं होतं.

मग ओट्यावर येऊन बसले. "हो" लिहिलं. खोडलं. "मी जाऊन आले" लिहिलं. तेही खोडलं.

"पोरी."

मी खिडकीतून आत पाहिलं. काकू त्यांच्या उशाशी बसल्या होत्या. काकांचा फोन त्यांनी काका धरायचे तसा, हात लांब करून धरला होता.

"पोल चौदा टायपिंग येऊन राह्यलं," त्या म्हणाल्या. "खोडू नको."

मी लिहिलं, "हो. मी स्वतः." आणि पाठवलं.

आत काकांचा फोन वाजला.