भुऱ्याचं मुसकं

परवा एक मजाच झाली. नातीच्या कुत्र्याला जखम झालीय, ती चाटू नये म्हणून डॉक्टरांनी त्याच्या गळ्यात प्लास्टिकचं भलंमोठं नरसाळं घातलं... ते ध्यान बघून मी इतका हसलो की नात रुसून बसली. पण खरं सांगू? मला माझी आई आठवली होती.

मी वाळूजला कंपनीत नवीनच लागलो होतो. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस. आमचं घर देवगाव रंगारीकडचं, मेंढरं राखणारं. तिथून येताना एक ट्रंक आणि कळप राखणारा आमचा कुत्रा भुऱ्या, एवढंच काय ते सोबत आणलं होतं. परक्या गावात त्या मुक्या जिवाचाच आधार...

एकदा भुऱ्याच्या मांडीवर फोड उठला. चाटून चाटून त्यानं तळहाताएवढी जखम केली. केस चिकटले, वास सुटला. घरमालकाची लेकरं त्याच अंगणात खेळायची. मालकांनी बजावलं, "रविवारपर्यंत कुत्रं तरी हलवा, नाहीतर खोली तरी सोडा."

कंपनीतल्या मशीनशॉपमधल्या दोस्तांनी एकमुखानं औषध सांगितलं... मशीनचं जळकं तेल! तेलानं गंज जातो, मग जखम का नाही जाणार, असा आमचा हिशेब. डबाभर आणून चोपडलं. दोन दिवसांत जखम दुप्पट, भुऱ्या कण्हायला लागला. आगीतून उठून फुफाट्यात पडलो.

त्यातच आई आली. मेंढरं कातरायच्या कातरीला शहरातल्या शहागंजातून धार लावून घेतली आणि माझ्याकडं मुक्कामाला थांबली. दुसऱ्या दिवशी सगळं बंद! माणसं आपल्या हक्काच्या नावासाठी रस्त्यावर उतरली होती. एसटी जागच्या जागी. आईला घर गाठता येईना, मला जनावरांचा दवाखाना.

आईनं भुऱ्याकडं पाहिलं आणि उखडली माझ्यावर. "आरं, ह्ये कुत्रं हाय का मशीन? त्याल कसलं घालतो त्याला!"

तेल साबणानं धुऊन काढलं. मग नव्या धारेची कातर उचलली आणि जखमेभोवतीचे केस अलगद कातरले... मेंढराच्या अंगावर चाळीस वर्षं फिरलेला हात तो, भुऱ्या हूं की चूं करेना. कोमट मिठाच्या पाण्यानं जखम धुतली, कोरडी टिपली. "वारं लागू दे. झाकलं का सडलं."

पण चाटणं कसं थांबवायचं? आईनं माझ्याकडं पडलेली कंपनीतली पॅकिंगची सुतळी मागितली आणि बैलाच्या तोंडाला घालतात तसं मुसकं विणलं, पण सैल, धाप टाकता येईल असं.

"अगं आई, गुदमरंल तो!"

"नाय गुदमरत. बैल गुदमरतो व्हय? खाताना-पिताना सोडायचं. आन् तू नको शिकवू, मोठा तेलवाला!"

शनिवारी वाट मोकळी झाली. सायकलवर टोपली बांधून भुऱ्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी जखम निरखून पाहिली. इंजेक्शन दिलं, मलम दिलं आणि विचारलं, "हे केस कुणी कातरले? निम्मं काम तिथंच झालंय." मग मुसकं हातात घेऊन म्हणाले, "असं आणखी एक मिळेल का हो? इथं एक चाटरं गिऱ्हाईक आलंय."

आईला सांगितलं. तिनं लगेच सुतळीचं बंडल पुढं ओढलं. आणि त्या दिवशी तिनं पदर दोनदा सावरला...

रविवारी घरमालक आले. आईनं भुऱ्याला पुढं केलं. "बघा, हात लावून बघा." जखमेवर कोरडी खपली धरलेली, वासाचा मागमूस नाही. मालक ओशाळून हसले, "राहू द्या मावशी, राखण करील अंगणाची." पुढं नऊ वर्षं केली त्यानं!

नातीला हे सगळं सांगितलं, तेव्हा रुसवा गेला. म्हणाली, "आजोबा, नरसाळं घेऊन तो सारखा दाराला धडकतोय. डॉक्टरांना विचारते, तुम्ही मुसकं विणाल?"

डॉक्टर हो म्हणाले. काल सुतळी आणली. बोटं आखडलीत आता, पण गाठ मारायला घेतली आणि हात आपोआप चालू लागले... आई, तुझंच देणं हे.