वायसर ठीक आहे ना?
भांड्यांच्या साबणाचा लिंबासारखा वास आला की मला वीस वर्षांपूर्वीचं आमचं परदेशातलं, स्टॅनमोरचं गॅरेज आठवतं. पुण्याहून सासू-सासरे आले होते, म्हणून मी घरी केलेल्या बिअरचं पिंप तिथे चादरीखाली दडवलं होतं. नेमकी बिअरला फेस आणणाऱ्या त्याच्या गॅसच्या नळीतून सूं सूं सुरू झाली. सून दारू गाळते, हे आता पुण्यापर्यंत पोचणार, या धास्तीने मी नट आवळत होते, तेवढ्यात सासूबाई दारात! "अगं, सिलिंडरला लावतो तसं साबणाचं पाणी लाव," म्हणत त्यांनीच फेस फासला. जिथे बुडबुडा फुगला, तिथला वायसर मी बदलला. आवाज थांबला. मग पिंपाचा नळ हुंगून त्या कुजबुजल्या, "ह्यांना कळू देऊ नकोस, सगळी बिअर संपवतील." अजूनही फोन ठेवताना त्या विचारतात, "वायसर ठीक आहे ना?"