सासऱ्यांची अंगठी

लग्नात सासऱ्यांनी बोटात घातलेली सोन्याची अंगठी वर्षभरात माझ्या टोमॅटोच्या शेतात हरवली. पुढे दर धोंड्याच्या महिन्यात सासरी जेवायला गेलो की भरल्या पंगतीत तेच ऐकायचं, "जावईबापूंना सोनं कशाला द्यायचं? ते मातीत पेरतात."

शेवटी द्वारका चौकाजवळच्या एका भंगारवाल्याशी तासभर भांडून धातू शोधायचं जुनं यंत्र निम्म्या किमतीत उचललं. लोक त्यानं गुप्तधन शोधतात. मला सासऱ्यांचं तोंड बंद करायचं होतं. दर रविवारी शेतात फिरायचो. घोड्याची नाल निघाली, स्टोव्हच्या पिना निघाल्या, एकदा तर तारेची कवळी. दुसऱ्या वर्षी बांधाजवळ अंगठी सापडली. नक्षी तीच, पण वर हिरवागार गंज. कोथिंबिरीच्या जुडीवरून भांडणारा मी, लग्नात ती सराफाला दाखवायला विसरलो होतो!

पुढच्या धोंड्याला मी ती सगळ्यांदेखत सासऱ्यांच्या ताटात, अनारशाशेजारी ठेवली. त्यांनी चष्मा लावून ती नीट पाहिली.

"छे, ही आमची नव्हे. आमची सोन्याची होती. शोधा अजून, सापडेल."

पंगत हसली, माझी बायकोसुद्धा. यंत्र अजून माळ्यावर आहे. विकलं, तर म्हणतील जावयानं हार मानली.