आमच्या साडूंना ताण नाही

पुण्यात रोज जेवढी माणसं दुचाकीवरून पडतात, जिन्यावरून घसरतात किंवा लग्नात बासुंदी जास्त झाल्यावर छातीला हात लावून बसतात, ती सगळी आमच्या साडूंच्या हाती लागावीत अशी माझी प्रामाणिक इच्छा आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. हडपसरच्या बाजूला एका मोठ्या हॉस्पिटलात ते कॅज्युअल्टीचे प्रमुख आहेत. त्या कॅज्युअल्टीत त्यांच्याइतका थंड माणूस सापडणार नाही, आणि कोथरूडच्या त्यांच्या घरात त्यांच्याइतका धांदरट माणूस सापडणार नाही. हे दोन्ही गृहस्थ एकच आहेत, हे मला स्वतःचं मनगट मोडून घेऊन तिथे जावं लागलं तेव्हा पहिल्यांदा पटलं. आजूबाजूला रडारड, धावाधाव, स्ट्रेचरांची खडखड. एक आडदांड इसम साडूंच्या कानाशी ओरडत होता, "अहो डॉक्टर, माझा भाऊ मरतोय!" साडूंनी मान वर न करता सांगितलं, "नाही मरत. आपण फक्त त्यांच्या ऑक्सिजनच्या नळीवरून पाय काढा." मग माझ्याकडे वळून, जणू मी वाढदिवसालाच आलोय, "या साडूबुवा, चहा घेणार?"

आता हाच मनुष्य घरी पाहा. दुधाला उकळी येताना दिसली की साडू बैठकीतून "गेलं! गेलं!" असं ओरडत येतात आणि वाटेत दोन खुर्च्या पाडतात. गॅसचा सिलिंडर संपला की आता सगळ्यांनी घर सोडायचं की काय, असा त्यांचा चेहरा होतो. आणि मिक्सर! मिक्सर सुरू झाला की ते असे दचकतात आणि त्यानंतर असे भडकतात, की मेहुणीनं गेल्या काही वर्षांत बिनआवाजाचा म्हणून विकला जाणारा प्रत्येक मिक्सर घरी आणून पाहिला. अजून बिनआवाजाचा निघालेला नाही. मंडईत त्यांच्याबरोबर जाणं हा स्वतंत्र प्रकार. ते भाजी निवडत नाहीत, भाजी तपासतात. एक टोमॅटो हळूच दाबून म्हणतात, "हा संध्याकाळ काढत नाही." भेंडीच्या ढिगातली अत्यवस्थ भेंडी आधी वेगळी काढतात. शेवटी एकदा भाजीवाल्या मावशींनी हात जोडले, "डॉक्टर, भेंडी हाय ती, पेशंट न्हाई. घ्यायची तर घ्या, न्हाईतर डिस्चार्ज द्या तिला."

त्यांच्या खात्यात एक कडक पथ्य पाळतात. कितीही खुर्च्या रिकाम्या दिसोत, कॅज्युअल्टीत कोणी 'आज शांत आहे' असं म्हणायचं नाही. म्हटलं की दारात ॲम्ब्युलन्सची रांग लागते, असा शिकल्यासवरल्या डॉक्टरांचा ठाम विश्वास. साडूंनी हे पथ्य घरीही आणलं. त्यामुळे माझ्या मुलाच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला त्यांची जी अवस्था झाली, ती बघवत नव्हती. पत्रिका त्यांनी मोठ्यानं वाचू दिली नाही. पूजा संपत आली तसे ते गुरुजींच्या कानाशी लागले, "शेवटचा भाग मनात म्हटला तर चालेल का हो?" गुरुजी पुण्याचेच. ते म्हणाले, "दक्षिणाही मनातच देणार का?" आणि त्यांनी खणखणीत आवाजात तीनदा शांती म्हटली. पहिल्या शांतीला साडूंनी घड्याळ काढून खिशात ठेवलं, दुसरीला बाह्या सरसावल्या, आणि तिसरीला स्वयंपाकघरात आचाऱ्याच्या पायावर श्रीखंडाचं भरलं पातेलं पडलं. क्षणात साडू थंड. आचाऱ्याचा अंगठा त्यांनी असा हळुवार बांधला की तो बिचारा दुसऱ्या पायावर उभा राहून पुऱ्या तळायला निघाला होता. माझ्याकडे पाहून साडू एवढंच म्हणाले, "तरी मी सांगत होतो."

या सगळ्याला मेहुणी मात्र हसत नव्हती. हा माणूस एक दिवस असाच ओरडता ओरडता कोसळणार, ही भीती तिच्या मनात घर करून बसली होती. हॉस्पिटलनं त्यांना दिवसाची, टेबलावरची, कागदांवर सह्या करण्याची जागा देऊ केली होती. ती घ्या म्हणून ती मागे लागली होती, आणि "मला ताण नाही!" असं साडू इतक्या मोठ्यानं सांगत की खालच्या मजल्यावरचे जोशी वर येऊन चौकशी करून जात.

नेमकं त्याच सुमारास त्यांच्या विभागातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी एक अभ्यास हाती घेतला. कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांना ताण किती वाटतो आणि अंगात ताणाचं हार्मोन खरोखर किती असतं, हे ताडून पाहायचं. वाटण्यासाठी प्रश्नावली, असण्यासाठी लाळ. एकदा ड्यूटीच्या दिवशी आणि एकदा सुट्टीच्या, सकाळी चहाच्या आधी नळीत थुंकायचं. नवराबायकोत तिथेच करार झाला. हार्मोन जास्त निघालं तर साडूंनी टेबलावरची जागा घ्यायची, नाहीतर मेहुणीनं विषय कायमचा बंद करायचा. प्रश्नावलीत साडूंनी सगळीकडे 'कधीच नाही' वर खूण केली. मेहुणीनं एक कोरी प्रत मिळवून त्यांच्या वतीनं सगळीकडे 'नेहमी' वर केली. नळ्या फ्रिजमध्ये तुपाच्या बरणीला टेकवून ठेवल्या गेल्या, आणि मी त्या घरी वरणभातावर तूप घेणं तूर्त थांबवलं.

निकाल सांगायला डॉक्टरीणबाई घरीच आल्या. मी आणि माझी बायको, दोघंही मुद्दाम हजर होतो. "सर, ड्यूटीच्या दिवशी तुमची लेव्हल एकदम नॉर्मल आहे," त्या म्हणाल्या. साडूंनी कॉलर ताठ केली. "पण सुट्टीच्या दिवशी भयंकर हाय आहे. आमच्या अख्ख्या ग्रुपमध्ये सगळ्यात जास्त."

मेहुणीचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्यामुळे? घरामुळे?"

मला हसू आवरेना. काहीतरी चुरचुरीत बोलणार होतो, तेवढ्यात साडूंकडे लक्ष गेलं. ते ओरडत नव्हते. कॅज्युअल्टीत असतात तसेही दिसत नव्हते. हा तिसराच कोणी माणूस होता, आणि मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"अगं, तुझ्यामुळे नाही," ते म्हणाले. "त्या सुट्टीच्या आदल्या दिवशी एक गृहस्थ आणले होते. मुलीला सायकल शिकवताना मागून टेम्पोनं उडवलं. गेले. मुलीला मीच सांगितलं बाहेर जाऊन. ती म्हणाली, काका, बाबांचा चष्मा कुठाय? त्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही. तेव्हा मला काही झालं नाही. पुढचा पेशंट आला होता. सकाळी घरी जाग आली, आणि चष्मा शोधायचा राहिला हे आठवलं. मग तू मिक्सर लावलास."

माझ्या बायकोनं पदर डोळ्यांना लावला, आणि मला त्या माणसाबद्दल इतकी माया दाटून आली की त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचंही सुचेना. शेवटी तेच म्हणाले, "करार म्हणजे करार. तू जिंकलीस. उद्या टेबलाचं सांगतो त्यांना."

"काही नको," मेहुणी म्हणाली. "तुम्ही गेलात तर अशा एखाद्या मुलीला कोण सांगणार? दुसरा कोणीतरी कसंही सांगेल. तुम्ही तिथेच राहा. फक्त घरी आलात की मला सांगत जा. इतकी वर्षं मी मेली मिक्सर बदलत बसले!"

साडू अजून कॅज्युअल्टीतच आहेत. हल्ली संध्याकाळी त्यांच्याकडे फोन केला, तर आमची मेहुणी हळू आवाजात म्हणते, "भावजी, थोड्या वेळानं कराल का? हे सांगतायत." मी फोन खाली ठेवतो. मग बायको विचारते, काय म्हणाले, आणि आज तिथे कोण बरं गेलं असेल या विचारात मी नुसतं 'सांगतायत' म्हणतो.