धनसिंगची उभी गाडी

धनसिंग वारल्याचं मला त्याच्याच तांड्यातल्या एका माणसानं सांगितलं, तेही क्लचची वायर बदलून घेता घेता. ऊसतोडीला गेला होता, फडावर ताप आला, अंगावर काढला, आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं... एवढंच त्या माणसाला माहीत होतं. मी वायर लावली, ताण पाहिला, त्याला वाटेला लावलं आणि गॅरेजच्या पायरीवर येऊन बसलो. चाळिशी गाठली असेल-नसेल. मला रडू आलं नाही, आधी राग आला. कोणाचा, ते आज काही आठवड्यांनी लिहायला बसलो तरी नीट सांगता येत नाही.

आखाडा बाळापूरला भर रस्त्यावर माझं मोटारसायकलचं गॅरेज आहे. नव्वदीच्या मधल्या वर्षांत धनसिंग तिथं पहिल्यांदा आला, तो शंभर सीसीची जुनी गाडी ढकलत. कुरुंद्याच्या अलीकडे त्याचा तांडा. उंच, हडकुळा, आणि बोलताना समोरच्याचं मनगट धरायची सवय. माझे ऑइलनं माखलेले हातही त्यानं कधी सोडले नाहीत. म्हणाला, "मिस्तरी, टकटक करून राहिली. आवाज तेवढा बंद करून द्या." इंजिनाच्या डोक्यात दोन व्हॉल्व्ह असतात, त्यांना दाबणारे रॉकर असतात, आणि दोघांमध्ये केसाएवढी फट लागते. ती वाढली की टकटक सुरू होते, तिलाच आम्ही टॅपेटचा आवाज म्हणतो. फट आवळून आवाज तेवढा बंद करणारे मिस्तरी गल्लोगल्ली आहेत. गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि थोड्याच दिवसांत व्हॉल्व्ह जळतो. असल्या कारागिरांवर माझा जुना राग आहे, म्हणून मी हेडच खोललं. रॉकर हलवणारा कॅम घासलेला, रॉकरला खड्डे, धुराचा व्हॉल्व्ह कडेनं करपलेला. सगळं नवं घातलं आणि गाडी गपगुमान चालू लागली. पुढच्या वर्षी हळदीचा हंगाम संपताना तो परत हजर, तीच टकटक घेऊन.

मग हे दरवर्षीचंच झालं. मी आधी भेसळीच्या ऑइलला शिव्या दिल्या, मग दुकानदाराच्या डुप्लिकेट पार्टला. हेडपर्यंत ऑइल जाणारी वाट तारेनं साफ केली, हवा मारून पाहिली. सगळ्यात डोकं फिरवलं ते किलोमीटरच्या काट्यानं. हेड बघावं तर गाडी मुंबईला दहादा जाऊन आल्यासारखी झिजलेली, आणि काटा म्हणतो ही बाळापूरच्या बाजाराला चारदा आली असेल. काट्याची वायर तपासली, ती ठणठणीत. "गाडी कोणाला वापरायला देतोस का रे?" असं विचारलं तर त्याला वाईट वाटलं. "सख्ख्या मेव्हण्यालाबी हात लावू देत न्हाई, मिस्तरी. जास्त करून ती उभीच असती." हे त्यानं अभिमानानं सांगितलं, आणि ते अक्षरशः खरं होतं. माझी मात्र पार जिरली होती.

हेड खोललेलं असलं की तो दिवसभर समोर बसून राही. त्या बसण्यात थोडंथोडं कळत गेलं. त्याचा जन्मच उसाच्या फडावरचा. दसरा झाला की तांडा ओस पडायचा, कुलपं आणि म्हातारी माणसं तेवढी मागं उरायची. ही गाडी घेतली त्या वर्षी त्यानं आईला शब्द दिला होता, की आता आपल्या घरचं कुणी ऊस तोडणार नाही. हळदीच्या दोन-अडीच महिन्यांत कमवायचं आणि त्यावर वर्ष काढायचं. "ही बराबर चालू हाय तवर ऊस न्हाई," असं तो सीटवर थाप मारून म्हणायचा. तो गाडीवरून हळदीच्या कामाला ये-जा करतो, असं मी धरून चाललो होतो. या भागात त्या दिवसांत सगळ्यांच्याच गाड्या पिवळ्या असतात, त्यामुळं त्याच्या इंजिनावरच्या पिवळ्या थराचं मला काहीच वाटलं नाही.

एका चैत्रात कुरुंद्याकडं बंद पडलेली कोणाचीतरी गाडी बघायला गेलो होतो. एका आखाड्यापलीकडून, म्हणजे शेतातल्या घरामागून, टकटक ऐकू आली आणि मी जागीच थांबलो. तो आवाज मी हजारात ओळखला असता. पाहतो तर धनसिंगची गाडी स्टँडवर उभी, मागचं टायर काढलेलं, नुसत्या रिमवरून पट्टा गेलेला आणि त्या पट्ट्यावर जाळीचा मोठा ड्रम फिरतोय. ड्रममध्ये उकडून वाळवलेली हळद घासून चकचकीत होत होती. धुळीत माणूस ओळखू येत नव्हता. ॲक्सिलरेटर दोरीनं बांधलेला, आणि सकाळपासून वाऱ्याची झुळूक न लागता ते इंजिन तापून फुफाटा झालेलं.

"धनसिंग, काय करून ठेवलंस हे?"

"काहून? काय झालं मिस्तरी? गाडी तं जागची हालली बी न्हाई."

मी डोक्याला हात लावला. काटा चालतो पुढच्या चाकावर आणि पुढचं चाक तर उभं! आपण गाडीला जपतोय, अशीच त्याची समजूत होती. इंजिन गार होतं ते पळताना लागणाऱ्या वाऱ्यानं, उभ्या उभ्या ऑइल पाण्यासारखं पातळ होतं आणि कॅम कोरडा घासतो, हे मी त्याला समजावलं. त्यानं मनगट धरून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मंग बंद करू का? बंद केलं तं उद्या कोयताच हाय हातात." दुखणं कळलं होतं आणि पथ्य पाळता येणार नव्हतं.

तरी आम्ही हात टेकले नाहीत. ओली पोती बांधून पाहिली, पत्र्याची पाती करून पाहिली. शेवटी भंगारातला कूलरचा पंखा मिळाला. तो त्याच पट्ट्यावर असा बसवला, की ड्रम फिरला की वारा थेट हेडवर यावा. ऑइल हंगामात दोनदा बदलायचं ठरलं. त्या वर्षी अख्खा हंगाम टकटक झाली नाही. मी मुद्दाम कान लावायला गेलो होतो. धनसिंगच्या आईनं मला जेवू घातलं, आणि तो गडी लेकराला मिरवावं तसा त्या पंख्याला मिरवत होता. त्याच हंगामात कुरुंद्यात ट्रॅक्टरवर चालणारे ड्रम आले. ते शेतकऱ्याच्या दारात येऊन उभे राहायचे आणि धनसिंगचं दिवसाचं काम तासाभरात उरकायचे. दुसऱ्या वर्षी त्याला जेमतेम काम मिळालं. तिसऱ्या वर्षी कोणी बोलावलंच नाही.

दसऱ्यानंतर तो गॅरेजवर येऊन गेला. "गाडी घरीच झाकून ठेवली, मिस्तरी. एका सालाची गोष्ट हाय." ते एक साल काही संपलं नाही. दर दसऱ्याला तो ऊसतोडीला जात राहिला, आणि या खेपेला परत आला नाही.

तेरावं झाल्यावर तांड्यावर गेलो. त्याची बायको शांताबाई फडावरच होती. आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत तिला येता येणार नव्हतं. घरी आई एकटी. तिनं पोती काढून गाडी दाखवली आणि म्हणाली, "चालू करून बघा." पहिल्या किकला लागली. मी सवयीनं खाली वाकून कान दिला. टकटक नाही, फुसफुस नाही, हेड अगदी शांत. माझ्या हातून इतकं चांगलं काम क्वचितच झालं असेल. म्हातारीही हनुवटीला हात लावून ऐकत होती.

"बराबर हाय का?" तिनं विचारलं.

"बराबर हाय, माय."

तिनं पदरानं सीटवरची धूळ पुसली.

"गाडी बराबर व्हती... मंग माझं पोरगं उसाला काहून गेलं?"

मी इंजिन बंद केलं, पेट्रोलचा कॉक फिरवला आणि गाडीवर परत पोती घालू लागलो.