देणारीचे नाव आधी

त्या दिवशी एकादशी होती. अंबाबाईचे दर्शन घेऊन, दोन केळी आणि ग्लासभर दुधावर, मी कोल्हापुरातल्या एका मैदानात मुलींच्या बास्केटबॉलच्या अंतिम सामन्याचे गुण लिहायला बसले होते. पन्नासेक वर्षे झाली असतील... पण चुन्याच्या त्या पांढऱ्या रेघा अजून डोळ्यांपुढे आहेत.

मी शाळेत संस्कृत शिकवीत असे. खेळाचा आणि माझा संबंध एवढाच, की माझे अक्षर वळणदार होते. नेहमी गुण लिहिणाऱ्या बाई तापाने अंथरुणाला खिळल्या, आणि मुख्याध्यापिकाबाईंनी कागद माझ्यापुढे सरकवला. "बास्केट झाली की नंबर लिहायचा. बाकी काही नाही."

आमच्या संघाची सात नंबरची खेळाडू शकिला. अंगाने किरकोळ, वडिलांचे शिवणकामाचे छोटेसे दुकान. आधीच्या सगळ्या सामन्यांत तिने गुणांची अशी लयलूट केली होती, की कुस्तीशिवाय दुसरे काही न पाहणारी मंडळीही मैदानाभोवती जमू लागली होती.

स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूला कप मिळणार होता, आणि तिचे नाव पुण्याच्या निवड शिबिरासाठी थेट जाणार होते. शकिला अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या शाळेच्या शेवटच्या वर्गात होती. शाळा संपली की मैदानही संपणार, हे तिलाही कळत होते आणि मलाही...

पण अंतिम सामन्यात समोरच्या संघाने एक नव्हे, दोन मुली तिच्या अंगाला चिकटवून ठेवल्या. जाळीकडे तोंड करायचीही सोय उरली नाही. चेंडू हाती आला रे आला, की ती तो दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकी. आमची उंच मंगल जाळीखाली उभी असायची, ती तो अलगद वर सोडायची.

लोकांना हे कसे रुचावे? "ए सात नंबर, हात घरीच ठिवून आलीस व्हय गं?" मागून कुणीतरी ओरडले. लगेच दुसरा, "आज उपास हाय तिचा!" उपास खरे तर माझा होता... मी मान खाली घालून लिहीत राहिले.

आम्ही चौतीस-एकतीस असे जिंकलो. मंगलचे अठरा गुण. शकिलाचे अवघे चार.

स्पर्धेचे अध्यक्ष म्हणजे एका तालमीचे वृद्ध वस्ताद. डोक्याला लालभडक फेटा, आवाज असा की लाऊडस्पीकरची गरज नाही. त्यांनी टेबलाशी येऊन निकालच दिला. "कप मंगलला. पाडंल त्यो जिकला, ह्यो आमचा न्याय. चार पॉइंटवालीला कप दिला तर गाव हसंल की!"

शकिला चार पावलांवर उभी होती. तिने ऐकले. ती बुटांची नाडी सोडायला खाली बसली. ती नाडी सुटता सुटेना...

वस्तादांनी खात्रीसाठी माझा कागद उचलला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "बाई, ह्ये काय लिवलंय? दरएक बास्केटीला दोन-दोन नंबर?"

मी चाचरत सांगितले. माझे वडील पौरोहित्य करीत. दानाच्या संकल्पात घेणाऱ्याच्या आधी देणाऱ्याचे नाव-गोत्र उच्चारायचे, हा आमच्या घरचा शिरस्ता. चेंडू कुणीतरी देते आणि कुणीतरी घेते, हे मला दिसत होते. म्हणून आधी देणारीचा नंबर, मग टाकणारीचा...

सगळे टेबल खदखदून हसले. मुख्य पंच म्हणाले, "बाई, देणाऱ्याला बास्केटबॉलात पुण्य नसते! ते पहिले आकडे तेवढे खोडून द्या."

मी लाजेने अर्धमेली झाले. पेन उचलले, पहिला आकडा खोडायला गेले. सात. त्याखालचा सात. त्याखालचाही सात... आणि माझा हात थांबला.

"वस्ताद," मी म्हटले, "खोडण्याआधी एकदा वाचून पाहता का?"

त्यांनी जाडजूड बोट कागदावरून खाली नेले. संघाच्या सतरा बास्केट. दोन तिच्या स्वतःच्या, आणि अकरांच्या आधी सात नंबर! मंगलच्या नऊपैकी आठ तिनेच दिलेल्या. तेवढ्यात मंगलही पुढे झाली. "वस्ताद, मी नुसती हुबी होते. चेंडू आपसूक हातात येत होता."

वस्तादांचा आवाज खाली आला. कोल्हापुरात हे क्वचितच घडते. मग म्हणाले, "पट्ठ्या कुस्ती मारतो. पर डाव कुणाचा असतो? मैदानात फेटा आधी कुणाला बांधत्यात? ...वस्तादाला! आन् मीच इसरलो की!"

यज्ञात आहुती टाकणारा हात सर्वांना दिसतो, समिधा गोळा करणारा दिसत नाही. हे मी वर्गात कितीदा सांगितले असेल. त्या दिवशी ते मैदानात सिद्ध झाले.

कप शकिलाला मिळाला. त्याबरोबर वस्तादांनी स्वतःच्या डोक्यावरचा फेटाही तिच्या डोक्यावर ठेवला. तो सरळ नाकापर्यंत उतरला. "दिसंना की वस्ताद!" आतून आवाज आला, आणि मघा टोमणे मारणारेच शिट्ट्या वाजवू लागले. मंगलने तिला खांद्यावर घेतले, तेव्हा एका पायात बूट होता, दुसरा गवतात पडला होता.

शकिला शिबिराला गेली, आणि विभागाच्या संघात सात नंबर घालूनच खेळली.

नियमाप्रमाणे मी पंचांना दुसरा, शुद्ध कागद लिहून दिला. त्यात देणाऱ्यांचे नंबर नव्हते. पहिला कागद मात्र माझ्या देवघरात, पोथ्यांच्या कापडात आहे. त्या एकादशीचे पुण्य किती लाभले ते अंबाबाई जाणे... त्या दिवशीच्या चुकीचे मात्र पुरेपूर लाभले.