तीस दिवसांतले तेवीस

लिफ्ट बसवणाऱ्या त्या कंपनीत कामांचं वेळापत्रक आखणाऱ्या बाईला सगळे ‘तक्तेवाली’ म्हणत. सोमवारी तिने संगणक उघडला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नव्या हॉस्पिटलच्या चार लिफ्टचं काम तिने सहा फिटरांत वाटलं होतं. साहेबांनी ते परस्पर बदललं होतं. तीस दिवसांपैकी तेवीस दिवस एकच नाव: सहांतले सगळ्यात जुने फिटर, दादा. त्यातले चार दिवस तर दोन-दोन ठिकाणी!

ती तरातरा केबिनमध्ये गेली. “दादांना काय दोन धडं आहेत?”

“उद्घाटन आठ दिवस अलीकडे आलंय. आणि दादा कधी नाही म्हणतो का?”

“म्हणून त्यांनाच जुंपायचं? बाकीचे पाच काय हजेरीपुरते?”

“त्यांना जमत नाही हो.”

“जमेल कसं? कधी हात लावू दिलाय?”

साहेबांनी फोन कानाला लावला. विषय संपला.

ती तडक साइटवर गेली. दादा तिसऱ्या मजल्यावर ओळंब्याची दोरी खाली सोडून लिफ्टचे रूळ सरळ आहेत का ते तपासत होते, मनगटाला पट्टी बांधलेली. नवीन असताना तिला नकाशा वाचायला त्यांनीच शिकवलं होतं. “दोन लिफ्ट मी दुसऱ्यांना देतेय,” ती म्हणाली. तिला वाटलं, सुटल्यासारखं होईल त्यांना. दादा उसळलेच.

“माझं काम त्या धसमुसळ्यांना? मी काय मेलोय?”

आता मात्र तिचा तोल गेला. “साहेब मानगुटीवर बसलेत, दादा, आणि तुम्हीच वाकून बसवून घेताय! ती पोरं शिकणार कधी?”

दादांनी तोंड फिरवलं.

तिने वेळापत्रक पुन्हा मांडलं. दोन लिफ्ट दादांकडे, दोन इतरांकडे, आणि सुरुवातीचे दोन दिवस दादांनी नुसतं शिकवायचं. काम संपायची तारीख आठ नाही, तीनच दिवस अलीकडे. “हे नको असेल तर तुमचं तुमच्या सहीने हॉस्पिटलला पाठवा,” तिने साहेबांना सुनावलं. सही करायला साहेब धजले नाहीत. तिचंच गेलं.

तिसऱ्या लिफ्टचा रूळ वाकडा बसला, उतरवावा लागला. दादा शिकवायचं सोडून लांबून बघत होते, गालातल्या गालात हसत. चौथीच्या वेळी मात्र न बोलावता आले आणि खेकसले, “ओळंब्याची दोरी वाऱ्याने हलतेय, आधी ती खिडकी लावा!” ते रूळ सरळ बसले.

काम तिने दिलेल्या तारखेपेक्षा दोन दिवस उशिरा संपलं. अहवालात साहेबांनी खापर तिच्यावर फोडलं. तिने खाली पेनाने लिहिलं, ‘पहिला तक्ता कुणी बदलला, तेही लिहा,’ आणि प्रती सहाही फिटरांना वाटल्या. पुढच्या इमारतीच्या तक्त्याला साहेबांनी हात लावला नाही. तिचा राग काही उतरला नाही.